पिरोजा हिरवा पडलाय. खडा माणसाचं दुखणं ओढून घेतो का?

निळी_सावली
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतीच वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझ्या आत्याची एक अंगठी माझ्याकडे आली आहे. चांदीची, मधे पिरोजा, लांबट, अंगठ्याच्या नखाएवढा. मी लहान असताना तो खडा लख्ख आभाळी निळा होता. रंगपेटीतला पिरोजी खडू त्याच्या शेजारी धरून 'हा तोच रंग का' असं मी आत्याला विचारल्याचं पक्कं आठवतंय. आत्या शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. त्याच दोन वर्षांत खडा हळूहळू हिरवा होत गेला. आता शेवाळी दिसतो आणि मधे एक पिवळट डाग आहे.

घरात सगळ्यांचं म्हणणं असं, की खड्यानं तिचं दुखणं अंगावर घेतलं. काका म्हणतात, ही अंगठी आता कुणी घालू नये, पाण्यात सोडून द्यावी. आई म्हणते, राहू दे. ओळखीतल्या एका बाईंनी उपाय सांगितला: रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेव, मग दिवसभर कडक उन्हात, साठलेलं सगळं वाईट निघून जाईल आणि रंग परत येईल.

खडा खरंच आजारी पडतो का? की हा मुळात नकलीच होता? रंग परत येतो का? आणि मिठाचं पाणी करू का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जरा लवकर द्या, वाटी भरून ठेवली आहे.

कसोटी
वाटी ओतून टाका. आधी तेवढं करा, बाकीचं सावकाश बोलू.

उगाच_आलो
ओतली का? आम्ही श्वास रोखून बसलोय.

निळी_सावली
ओतली :) अंगठी अजून डबीतच होती.

खनिजपुराण
वाचली. आता का वाचली ते सांगते, जरा लांबण लागेल.

पिरोजा म्हणजे तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं, पाणी धरून असलेलं फॉस्फेट. यातलं 'पाणी धरून' महत्त्वाचं. शुद्ध पिरोज्याच्या वजनातला जवळपास १८ टक्के वाटा या पाण्याचा असतो. हा वरवरचा ओलावा नाही, रचनेतच बांधलेलं पाणी आहे. निळा रंग तांब्याचा. ॲल्युमिनियमच्या जागी लोह शिरलं की रंग हिरव्याकडे झुकतो, म्हणून काही पिरोजे खाणीतूनच हिरवे निघतात आणि ते अस्सलच असतात. तुमचा मात्र आधी निळा होता, म्हणजे त्याची गोष्ट वेगळी.

तो तयार कसा होतो हे बघितलं की त्याचा स्वभाव कळतो. कोरड्या प्रदेशात, तांब्याचं खनिज असलेल्या खडकांतून पावसाचं थोडंसंच पाणी झिरपत उतरतं. जाताजाता तांबं विरघळवून घेतं, फेल्डस्पार या खडकातल्या खनिजातून ॲल्युमिनियम घेतं, ॲपटाइटसारख्या खनिजातून फॉस्फेट घेतं आणि भेगांमध्ये, पोकळ्यांमध्ये हे सगळं साकळतं. म्हणून पिरोजा शिरांच्या किंवा गाठींच्या रूपात सापडतो, तोही जमिनीपासून फार खोल नाही. खड्यावर काळ्या-तपकिरी रेघांची जाळी दिसते ती मूळ खडकाची. हिरा किंवा माणिक हा एक अखंड स्फटिक असतो, हा तसा नाही. अतिसूक्ष्म स्फटिकांची ती गच्च बसलेली गर्दी आहे, आणि गर्दीत फटी असतातच.

थोडक्यात, हा खडा पितो. घाम, तेल, साबण, अत्तर, जे लागेल ते पितो. मिठाचं पाणी त्या फटींत शिरलं असतं, वाळताना मिठाचे कण आतच फुगले असते आणि पृष्ठभाग भुसभुशीत झाला असता. नंतरच्या कडक उन्हानं खडा आणखी सुकून फिका पडला असता. चांदी काळवंडली असती ती वेगळीच. उपाय सांगणाऱ्या बाईंचा हेतू चांगला असेल, पण तो स्फटिकासाठीचा सल्ला आहे आणि तोही सगळ्या स्फटिकांना चालत नाही.

शंकासुर
म्हणजे प्रश्न निकालात. खडा आजारी वगैरे पडत नाही, रासायनिक बदल होतो. धागा बंद करायला हरकत नाही.

जुनी_वही
शंकासुरराव, इतक्यात कुठे? या खड्याबद्दल 'तो धन्याबरोबर आजारी पडतो' असं जगभर आणि शेकडो वर्षं म्हटलं गेलंय. पाचूबद्दल, नीलमाबद्दल असं फारसं ऐकू येत नाही. याच खड्याबद्दल का, हा प्रश्न उरतोच.

एक किस्सा सांगतो. आन्सेल्मुस दे बोत हा रुडॉल्फ दुसरा या सम्राटाच्या दरबारातला वैद्य. त्याचा रत्नांवरचा लॅटिन ग्रंथ १६०९ साली निघाला. त्यात त्यानं स्वतःच्या पिरोज्याची हकिगत लिहिली आहे. खडा आधी एका स्पॅनिश माणसाचा होता. तो वारला, त्याच्या वस्तू विकायला निघाल्या, तोवर पिरोजा पार फिका पडलेला. बोतच्या वडिलांनी तो अगदी स्वस्तात घेतला आणि 'पिरोजा भेट मिळालेलाच लाभतो' असं म्हणून मुलाला दिला. मुलानं त्यावर मुद्रा कोरून घेतली आणि बोटात घालायला लागला. महिनाभरात रंग परतला!

पुढे इटलीत कायद्याचं शिक्षण संपवून तो बोहेमियाकडे निघाला असताना अंधारात घोड्यासकट दहाएक फूट खाली कोसळला. घोडा धड, स्वार धड. सकाळी हात धुताना बघतो तर पिरोज्याचे दोन तुकडे.

घोड्यावरून पडणाऱ्याला पिरोजा वाचवतो हा समज युरोपात त्याच्याही आधीचा, तेराव्या शतकातल्या लिखाणात सापडतो. मार स्वतःवर घेतो आणि धन्याला सोडतो, अशी ती कल्पना. निळी_सावली, तुमच्या घरचे म्हणतायत ते नेमकं हेच आहे.

शंकासुर
किस्सा झकास. पण माणूस पडला, हात जमिनीवर आपटला, बोटातला ठिसूळ खडा फुटला. यात त्यागाचा प्रश्न कुठे आला?

खनिजपुराण
फुटण्याचं ठीक. मला रंग परतण्याचा भाग जास्त आवडला, कारण तो खरा असू शकतो. सच्छिद्र पिरोजा सुकला की छिद्रांत हवा भरते, प्रकाश विखुरतो आणि खडा फिका, खडूसारखा दिसतो. कोरडी माती फिकी दिसते आणि भिजली की गडद, तसंच. कपाटात पडून सुकलेला खडा रोज बोटात आला की त्वचेचा ओलावा आणि तेल थोडं थोडं पितो आणि गडद होतो. म्हणजे बोतनं जे पाहिलं ते खोटं नसावं, लावलेलं कारण चुकलं. मात्र हेच पिणं वर्षानुवर्षं चाललं की निळा हिरव्याकडे सरकतो, आणि तो टप्पा सहसा उलटत नाही.

खाणीवरच्या लोकांना हे फार आधीपासून माहीत होतं. इराणातल्या निशापूरजवळच्या खाणी दोन हजार वर्षांहून जास्त काळ चालू आहेत. तिथल्या हलक्या प्रतीच्या खड्यांचा रंग ओलसर असेपर्यंतच टिकायचा, म्हणून विकणारे ते ओल्या कापसात, मडक्यात ठेवायचे. गिऱ्हाईक घरी पोचेतो खडा 'आजारी'.

उगाच_आलो
म्हणजे भाजीवर पाणी मारण्याची विद्या तेवढीच पुराणी. चालू द्या.

वाचनमात्र
अवांतर: पिरोजी हा रंगाचा शब्द आपण सहज वापरतो, पण पिरोजा हे नाव आलं कुठून? तुर्कस्तानातून ना? इंग्रजी नावात तुर्क आहे म्हणून विचारलं.

जुनी_वही
गंमत अशी की तुर्कस्तानात त्याच्या नाव घेण्यासारख्या खाणीच नाहीत. माल इराणचा, पण युरोपात पोचायचा तुर्की व्यापाऱ्यांच्या हातून. फ्रेंच लोक त्याला 'तुर्की दगड' म्हणू लागले आणि तेच नाव पुढे इंग्रजीत गेलं. आपला शब्द थेट फारसीतून आला. 'पिरोज' म्हणजे विजयी. अरबीत 'प' नाही म्हणून तिकडे 'फिरोजा' झाला. आपल्याकडे दोन्ही चालतात, शिवाय पेरोज आहेच.

निशापूरच्या प्रतवारीचे शब्दही सुंदर आहेत. सगळ्यात वरचा तो 'अंगुश्तरी', म्हणजे अंगठीच्या लायकीचा. सगळ्यात खालचा 'अरबी', फिका किंवा डागाळलेला. जाळीदार खड्याला 'शजरी' म्हणतात, झाडासारख्या रेघांचा. नवी चंद्रकोर दिसली की लगेच नजर पिरोज्यावर टाकावी, महिना चांगला जातो, असा इराणात समज होता. पिरोजा नसेल तर मित्राचा चेहरा किंवा कुराणाची प्रत. या तिघांना एका ओळीत बसवणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं.

आणि एक, हे वाचून मी उडालो होतो. संस्कृतातल्या राजनिघंटू या औषधी कोशात पेरोज आहे. त्याचे दोन प्रकार सांगितलेत: 'भस्मांग' आणि 'हरित'. राखेच्या अंगाचा आणि हिरवा. आभाळी निळ्याचं नावच नाही! माझा आपला तर्क: इथवर पोचेपर्यंत बरेचसे खडे एक तर सुकून राखाडी पडलेले असावेत, नाही तर पिऊन पिऊन हिरवे. त्याच निघंटूत तो विष उतरवणारा म्हटलाय.

शंकासुर
तर्क म्हणून मान्य. विष उतरवण्यावरून मात्र कुणी प्रयोग करू नयेत ही विनंती.

खनिजपुराण
मीही हेच लिहायला आले होते. हल्ली पाण्याच्या बाटलीत खडे टाकून ते 'रत्नजल' प्यायची टूम आहे. पिरोजा त्यात अजिबात नको. त्यात तांबं आहे, ॲल्युमिनियम आहे आणि बाजारातल्या बहुतेक खड्यांत राळ किंवा मेणही असतं. खडा कापताना, घासताना उडणारी धूळसुद्धा श्वासात जाता कामा नये.

शांतचित्त
मी खडे घेऊन ध्यान करते आणि इतरांनाही शिकवते, त्यामुळे इथे माझ्यावर तोफा रोखल्या जातील याची कल्पना आहे :) तरी लिहिते.

आमच्याकडे पिरोजा कंठाशी, वाणीशी जोडलेला आहे. अडलेलं बोलता यावं, प्रवासात मन स्थिर राहावं, मैत्री टिकावी. मी कुणालाही 'यानं आजार बरा होईल' असं सांगत नाही. औषध सोडून खडा धरणाऱ्याला मी स्वतः दवाखान्यात पाठवलंय. पण हातात एक गार, गुळगुळीत वस्तू असली, तिच्याकडे बघत पाच मिनिटं शांत बसलं, तर माणसाला बरं वाटतं, आणि तेही काही थोडं नाही.

मिठाच्या पाण्याबद्दल आम्हा लोकांतही जाणकार माणूस पिरोज्याला ते करू देत नाही. शुद्ध करायचाच असेल तर रात्री चांदण्यात खिडकीत ठेवावा. खड्याला त्यानं इजा होत नाही, हे खनिजपुराणही मान्य करतील.

खनिजपुराण
चांदण्याला माझी पूर्ण परवानगी. सकाळी ऊन यायच्या आत उचलायचा मात्र.

एक भर घालते. खडे आणि चक्रं यांची आज सगळीकडे दिसणारी जोडी बरीचशी विसाव्या शतकात जुळवलेली आहे. वाणीचा अर्थ वाईट आहे असं नाही, पण तो प्राचीन म्हणून सांगितला जातो तेव्हा माझ्या कपाळावर आठी येते.

शंकासुर
लंडनमध्ये क्रिस्तोफर फ्रेंच या मानसशास्त्रज्ञानं २००१ च्या सुमारास एक प्रयोग केला होता. काही लोकांच्या हातात खरा स्फटिक दिला, काहींच्या हातात हुबेहूब नकली. आधी सांगितलं होतं की उब जाणवेल, मुंग्या येतील वगैरे. दोन्ही गटांना सारखंच जाणवलं. शांतचित्त, रागावू नका, पण मग नकली खडा का चालू नये?

शांतचित्त
रागावले नाही. चालेल की. पण मला माहीत असेल की तो नकली आहे, तर माझं मन नाही लागणार. हा माझा दोष समजा.

खारी_हवा
लडाखबद्दल कुणीच कसं बोललं नाही? तिथे बायकांचा 'पेराक' असतो, कपाळापासून पाठीवर उतरणारा, रांगेनं पिरोजे शिवलेला शिरोभूषण. तो आईकडून थोरल्या मुलीकडे जातो. तिबेटी संस्कृतीत पिरोज्याला 'यु' म्हणतात आणि तो जिवंत मानतात. तो वयात येतो, म्हातारा होतो, मरतो. निळा तो तरुण, हिरवा पडला की वय झालं. माणसाचा प्राण ज्यात राहतो असा 'प्राण-पिरोजा'ही असतो, तो हरवला किंवा फुटला तर धन्याच्या जिवाची काळजी करतात.

म्हणजे निळी_सावलीच्या घरी जे वाटतंय ते वेडगळ अजिबात नाही. जगात बऱ्याच जणांना तेच दिसलंय.

जुनी_वही
खारी_हवा, वा! इजिप्तचं मीही राहून गेलं म्हणून दोन ओळी. सिनाई द्वीपकल्पात सेराबित अल-खादिमला पिरोज्याच्या खाणी आणि त्यांच्यालगत हाथोर देवीचं देऊळ आहे. तिची उपाधीच 'पिरोज्याची स्वामिनी'. अबिडोसला पहिल्या राजवंशातल्या जेर राजाच्या थडग्यात पिरोज्याची कंकणं मिळाली, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची. आणि मेक्सिकोच्या ॲझ्टेक कारागिरांनी लाकडावर पिरोज्याचे सुमारे दोन हजार तुकडे बसवून केलेला दुतोंडी साप ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यांच्या भाषेत पिरोजा आणि वर्ष यांना एकच शब्द.

कसोटी
दुकानातून आता मोकळा झालो. मंडळी इतिहासात रमली आहेत, पण बाईंचा एक प्रश्न तसाच राहिला: नकली आहे का?

बाई, हिरवा पडला हेच तुमच्या खड्याच्या बाजूनं बोलतंय. नकली माल बहुतेक असा बदलत नाही. प्लास्टिक पिवळट पडेल, रंगवलेल्या दगडाचा रंग उडून तो पांढरा पडेल. पोटात तेल मुरून सावकाश हिरवं व्हायला नैसर्गिक, काहीही न भरलेला पिरोजा लागतो.

बाजारात काय काय असतं ते सांगतो. सगळ्यात जास्त म्हणजे हौलाइट आणि मॅग्नेसाइट. दोन्ही पांढरे, सच्छिद्र, रंग छान पितात आणि हौलाइटला तर रेघाही जन्मजात असतात. भिंगाखाली बघितलं की रंग भेगांत साचलेला दिसतो, भोक पाडलेल्या मण्यात आतून पांढरं दिसतं. मग येतो चुऱ्याचा माल, पिरोज्याची पूड राळेत कालवून दाबलेली. काही वेळा त्यात पूडही नसते, नुसती राळ. प्रयोगशाळेत बनवलेलाही आहे, १९७२ पासून गिल्सन नावानं. मोठ्या भिंगातून त्यात पांढुरक्या जमिनीवर निळे बारीक कण दिसतात.

अस्सल मालातही भेद आहे. मऊ, खडूसारखा पिरोजा दाबाखाली राळ भरून टणक करतात. आज विकला जातो त्यातला फार मोठा भाग असा असतो. ही फसवणूक नाही, सांगून विकला तर. न सांगता विकला तर आहे. राळ भरलेला खडा तेल कमी पितो, त्यामुळे रोजच्या वापराला उलट बरा. झकारी पद्धत म्हणून एक आहे, १९८०च्या दशकात निघाली. तिच्यात राळ नसते आणि ती नुसत्या डोळ्यांनीच काय, साध्या भिंगानंही ओळखू येत नाही, रासायनिक तपासणीच लागते. त्यामुळे 'मी बघून सांगतो' म्हणणाऱ्यावर, माझ्यासकट, किती विश्वास ठेवायचा ते ठरवा.

उगाच_आलो
तापवलेली सुई टोचून बघतात म्हणे? प्लास्टिकचा वास आला की नकली.

कसोटी
आणि वास नाही आला तर अस्सल खड्याला कायमचं भोक. ॲसिटोनचा बोळा फिरवण्याचंही तेच. रंगवलेला असेल तर बोळा निळा होतो खरा, पण राळ-मेण भरलेल्या अस्सल खड्याची चकाकीही जाते. वारशाच्या वस्तूवर असली परीक्षा करू नये. भिंग, वजन आणि गरज पडली तर प्रयोगशाळा.

खनिजपुराण
नकलीच्या यादीत माझा लाडका एक राहिला, दंत-पिरोजा. फ्रान्समध्ये मध्ययुगात मठवासी लोक मास्टोडॉनचे, म्हणजे हत्तीच्या नामशेष भाऊबंदांचे, जमिनीत सापडणारे अश्मीभूत सुळे भट्टीत तापवायचे. त्यातल्या जराशा मँगनीजमुळे ते पिरोजी व्हायचे आणि चर्चच्या भांड्यांवर पिरोजा म्हणून बसायचे. तांब्याचा त्यात संबंधच नाही. शेकडो वर्षांनी तपासलं तेव्हा कळलं. असो, अवांतर.

निळी_सावली
बापरे, इतकं सगळं! धन्यवाद सगळ्यांना. दोनदा वाचलं. काकांनाही वाचून दाखवलं, ते बोतच्या घोड्यापाशी फार खूश झाले.

कसोटी, पुढे ही अंगठी कशी सांभाळायची ते सांगाल का? आणि रंग परत आणायचा काहीच मार्ग नाही?

कसोटी
आधी रंग. हिरवा थर पातळ असेल तर वरून घासून नवं पॉलिश करता येतं, कधी कधी खाली निळा निघतो. पण खडा बारीक होतो, कोंदणात ढिला पडतो आणि तेल खोल गेलेलं असेल तर घासूनही हिरवाच निघतो. अमोनियात, पेरॉक्साइडमध्ये बुडवून दाखवणारे भेटतील. चार दिवस निळा, मग आधीपेक्षा वाईट. तेल चोळून गडद करणारे तर विचारूच नका.

आता सांभाळणं. हात धुताना काढायची. क्रीम, अत्तर, सॅनिटायझर, केसांचा फवारा हे सगळं आधी उरकायचं, पुरतं वाळू द्यायचं, अंगठी सर्वात शेवटी. काढताना सर्वात आधी. पोहताना नाही, भांडी घासताना नाही. पुसायची ती मऊ, किंचित ओलसर कापडानं आणि लगेच कोरड्यानं टिपायची. कोरड्या फडक्यानं धूळ रगडू नका. या खड्याचा कठीणपणा १ ते १० च्या मापावर ५ ते ६ आणि धुळीतल्या वाळूचा ७, म्हणजे तुम्ही पुसत नसता, ओरखडत असता. त्याच कारणानं स्फटिक, हिरे यांच्यासोबत एका डबीत टाकू नका. चांदी उजळायचं द्रावण खड्याला लागू देऊ नका, अंगठी अख्खी त्यात बुडवणं तर नाहीच. सराफाकडची ध्वनिलहरींची सफाई, वाफेची सफाई, दोन्हीला ठाम नाही म्हणा.

आणि अंगठी मोठी-लहान करायला कधी द्याल तर आधी खडा उतरवून घ्यायला लावा. झाळकामाच्या ज्योतीपुढे पिरोजा टिकत नाही. आतलं बांधलेलं पाणी निघून जातं, खडा तपकिरी होतो, तडकतो. नवशिक्या असताना माझ्या हातून एक गेलाय, त्या गिऱ्हाइकाचा चेहरा अजून आठवतो.

बाई, मलाही एक विचारायचंय. दोन वर्षांत इतका बदल हा जरा जास्त आहे. आत्या अंगठी काढायच्या का? हाताला काही लावत होत्या?

निळी_सावली
तिनं अंगठी कधीच काढू दिली नाही. बोटं सुजली तेव्हा नर्सनं काढू या म्हटलं, तर मूठ मिटून घेतली.

आणि हो, लावत होतो. तिची त्वचा फार कोरडी पडायची, हात आखडायचे. मी रोज संध्याकाळी तिच्या हातांना कोमट तेल चोळायचे. तळवे, बोटं, एकेक पेर. अंगठीच्या भोवतीनं जास्त, कारण तिथे तिला खाज यायची. दोन वर्षं, एक दिवस चुकला नसेल.

म्हणजे हिरवा मी केला.

जुनी_वही
...

शांतचित्त
निळी_सावली, तुमच्या घरचे म्हणतात ते मग चूक कुठे आहे?

शंकासुर
मी काही बोलत नाही.

कसोटी
बाई, त्या तेलानं दुसरं काही बिघडलेलं नाही. खडा शाबूत आहे. पिवळट डाग आहे तिथे तेल जास्त मुरलं असणार. घासायला देऊ नका असं माझं मत. जवळच्या चांगल्या कारागिराकडून एकदा कोंदण तपासून घ्या, सुजलेल्या बोटात राहिलेल्या अंगठीची कड वाकलेली असू शकते.

निळी_सावली
दहा दिवसांनी लिहिते आहे. कारागिराकडे नेली होती. कड खरंच एका बाजूनं उचललेली होती. ती नीट बसवण्यासाठी त्यानं खडा अलगद उतरवला आणि मला हाक मारली. कोंदणाच्या चांदीखाली जो भाग झाकलेला होता तिथे तेल पोचलंच नव्हतं. खड्याच्या एका कडेला बारीकशी रेघ, नखाच्या कोरीएवढी, निळी. अगदी रंगपेटीतल्यासारखी.

त्यानं विचारलं, घासून बघू का. मी नको म्हटलं. खडा परत बसवला, तेव्हा ती रेघ झाकली गेली.

काकांनी अंगठी हातात घेऊन बराच वेळ बघितली. पाण्यात सोडायचं काही बोलले नाहीत. मी ती आता उजव्या हाताच्या मधल्या बोटात घालते, क्रीम लावून वाळल्यावर, सगळ्यात शेवटी.

उगाच_आलो
फोटो टाकायचा होतात त्या रेघेचा.

निळी_सावली
काढायचा राहिला. पण कुठे आहे ते माहितीये मला.